टोपण घट्ट नको, तोंड स्वच्छ हवं

गेल्या रविवारी माझ्या चित्रकलेच्या क्लासच्या पाच मुलांना घेऊन कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर बसले होते. संध्यामठाच्या काळ्या दगडी मंडपावर कोवळं ऊन आलेलं. तो उबदार काळा धरायला अल्ट्रामरीन निळ्यात विटकरी बर्न्ट सिएना हवा, आणि नेमकं सिएनाचंच टोपण जाम. "काकू, निघंना की!" म्हणत सातवीतल्या पोरानं ते दातांत धरलं. मी ट्यूब काढूनच घेतली. दात लावायचे नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच सांगते. काही रंगांत कॅडमियम असतं, कोबाल्ट असतं, ते तोंडात जायला नको.

थर्मासमधलं गरम पाणी वाटीत ओतलं, ट्यूब उलटी करून फक्त टोपण त्यात बुडवलं. दोन मिनिटांत हलक्या हातानं फिरलं. जलरंगात डिंक असतो, तो पाण्यानं सुटतो.

मग पोराला ट्यूबचं तोंड जवळून दाखवलं. आट्यांत विटकरी रंगाची पूड घट्ट बसलेली आणि तोंडाच्या गोल काठावर मोहरीएवढा सुकलेला कण. हवा तिथूनच आत जाते. आटे टोपणाला फक्त खाली ओढतात. खरं झाकण होतं ते तोंडाचा काठ टोपणाच्या आतल्या तळाला सगळीकडून टेकतो तेव्हा. मध्ये कण असला की कितीही पिळा, फट राहतेच. उलट जोर लावून पिळलं की आट्यांतला रंग डिंकासारखा धरतो आणि पुढच्या वेळी टोपण निघत नाही.

माझ्या हातून एक ट्यूब अशीच गेली. वडिलांनी घेऊन दिलेला कोबाल्ट ब्लू, तैलरंगाचा. घाईत पक्कड लावली. टोपण जागचं हललं नाही, मान मात्र पिळली गेली आणि खांद्याशी पत्रा फाटला. निळा रंग बोटांवर आला. जेवढा वाचवता आला तेवढा बाटलीत भरला, बाकीचा गेला. आजही ते आठवलं की जीव हळहळतो.

तैलरंगाला पाण्याचा तसा उपयोग नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाण्यात ते विरघळत नाही. तरी गरम पाण्यात धरावं, कारण प्लास्टिकचं टोपण उष्णतेनं थोडं फुगतं आणि सैल होतं. काडी पेटवून टोपण तापवणारे मी पाहिलेत. शेजारी झटकन पेट घेणाऱ्या टर्पेंटाइनची बाटली असताना ते कुणी करू नये. आमच्या अंबर या तपकिरी तैलरंगाचं टोपण सगळ्यांत आधी अडकतं, कारण त्यातल्या मँगनीजमुळे तो रंग लवकर सुकतो. अॅक्रिलिकचं वेगळं: ओलं आहे तोवर ओल्या फडक्यानं जातं, सुकलं की प्लास्टिकच. मग टाचणीनं सालासारखं सोलून काढायचं.

माझी पद्धत साधी आहे. रंग घेतला की ट्यूबचं तोंड वर करायचं आणि बोट सैल सोडायचं. तोंडाशी आलेला रंग आत ओढला जातो. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं काठ, आटे आणि टोपणाची आतली बाजू पुसायची. मग शेपटीकडून किंचित दाबून आतली हवा बाहेर काढायची आणि तसंच टोपण लावायचं, दोन बोटांच्या जोरानं. तैलरंगाच्या आट्यांना व्हॅसलीनचं नुसतं बोट लावते. काठावर मात्र लावत नाही, कारण ते कधी सुकत नाही आणि रंगात मिसळलं तर थर कच्चा राहतो. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ढिगातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. मी ती अंगणातल्या दोरीवर सुटी पसरते.

संपलेल्या ट्यूबांची टोपणं धुऊन एका डबीत ठेवते. १८४१ साली जॉन गॉफ रँड या चित्रकारानं कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून मिळत. टोचून रंग काढायचा, आणि एकदा टोचलं की भोक नीट बंद होत नसे. मुलांना हे सांगितलं की ती टोपण हातात धरून बघत बसतात.

काल तो पोरगा घरी आला, खिशात आजीच्या लुगड्याची चिंधी. त्याच्या बाराही ट्यूबा आम्ही ओसरीवर मांडल्या आणि एकेक तोंड पुसत बसलो. पिवळ्याचं टोपण हरवलं होतं, ते डबीतून दिलं. पहिलं सैल झालं, दुसरं नीट बसलं.