अध्यक्षांनी माझा सेंटर-बॅक उचलला

नऊ वर्षं मी फुटबॉल संघाचा सहाय्यक प्रशिक्षक होतो. सरावाचे शंकू मांडायचे, घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, सामना सुरू झाला की बाकावर मॅनेजरच्या शेजारी बसायचं आणि त्यांनी विचारलं तरच बोलायचं. त्यामुळे एका क्लबने थेट मॅनेजरपदाच्या मुलाखतीला बोलावलं, तेव्हा पंधरा दिवस दुसरं काही सुचलं नाही. त्यांचे मागच्या हंगामातले सगळे सामने पाहिले. निम्म्याहून जास्त गोल त्यांनी एकाच जागेतून खाल्ले होते. डावा बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, पुढे पळायचा आणि त्याच्या मागे मोकळं रान पडायचं. हे चित्रांसकट दाखवायचं ठरवून मी गेलो.

प्रोजेक्टर चालेना. समितीतल्या पाचही जणांनी आळीपाळीने तीच वायर काढून पुन्हा लावली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या ते. किती सामन्यांत निकाल दाखवाल, एवढं सांगा."

मी मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनांचं उदाहरण दिलं. नोव्हेंबर 1986 मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले तेव्हा संघ तळाजवळ होता. पहिला करंडक, इंग्लंडचा एफए कप, 1990 मध्ये मिळाला आणि लीगचं विजेतेपद थेट 1993 मध्ये.

"म्हणजे साडेसहा वर्षं थांबायचं?"

"लीड्स क्लबने त्यांच्या मॅनेजरला, क्लफला, 44 दिवसांत घरी पाठवलं होतं," दुसरे एक सदस्य लगेच म्हणाले. 1974 ची ही गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. मी म्हटलं, साहेब, त्याच ब्रायन क्लफने पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबला 1979 आणि 1980 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप, युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मोठा करंडक, जिंकून दिला. माणूस तोच होता. त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि मला अजूनही वाटतं की ते उत्तर मी बरोबर दिलं.

मग गोलकीपरवर गाडी आली. तो चेंडू लांब का मारत नाही, शेजारच्याला देऊन जीव टांगणीला का लावतो? 2019 पासून गोलकिक, म्हणजे गोलपाशी चेंडू ठेवून मारलेली किक, गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर जावीच लागत नाही, आपलाच बॅक आत उभा राहून तो चेंडू स्वीकारू शकतो, हे मी समजावू लागलो. पण हातवाऱ्यांनी ते कळेना. मग टेबलावरच संघ मांडला. खजिनदारांची चष्म्याची डबी गोलकीपर. पाण्याचे भरलेले चार ग्लास बचावफळी. चार पेनं मिडफिल्ड. पुढे दोन स्ट्रायकर, स्टेपलर आणि पेपरवेट.

आता सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. मी डावा ग्लास सावकाश पुढे सरकवला. टेबलावर त्याचा ओला वण उमटत गेला आणि मागे जागा उघडी पडली. खजिनदारांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. "इथूनच खातो आपण," ते हळूच म्हणाले. पंधरा दिवसांचं जागरण तिथे फळाला आलं.

मी पुढचं सांगणार, एवढ्यात अध्यक्षांनी माझा डावा सेंटर-बॅक, म्हणजे मधल्या दोन बचावपटूंमधला डावीकडचा ग्लास, उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. रिकामा ग्लास खुर्चीखाली ठेवला. त्यांच्या लक्षातही आलं नाही. खजिनदार मात्र खो-खो हसत सुटले. "लाल कार्ड! आता काय कराल?"

त्या दिवसातला खरा प्रश्न हाच होता. मी स्टेपलर बाहेर काढला आणि त्याच्या जागी नवा ग्लास मागे आणला. फळी चारचीच ठेवली, पेनं एकमेकांच्या जवळ ओढली, डाव्या ग्लासला पुढे जायची बंदी केली. पुढे एकटं पेपरवेट.

"आणि स्टेपलरला काय सांगणार?" खजिनदारांनी विचारलं.

अशी मुलं मी बाकावर शेजारी बसलेली पाहिली आहेत. चूक दुसऱ्याची, आणि विसाव्या मिनिटाला बाहेर येतो हा. टॉवेल डोक्यावरून घेतो आणि सामना संपेपर्यंत काढत नाही. त्याच्याशी तेव्हाच बोलावं लागतं, मैदानाच्या रेषेवर, हात हातात धरून: तू वाईट खेळलास म्हणून नाही, संघाला मागे माणूस हवा म्हणून. ड्रेसिंग रूममध्ये सांगू म्हटलं तर तोवर त्याने स्वतःची समजूत स्वतः करून घेतलेली असते, आणि ती काढता काढता महिना जातो. मी हे सांगत होतो तेव्हा अध्यक्षांचा फोन वाजला. ते बाहेर गेले. परत आल्यावर त्यांनी पगाराची अपेक्षा विचारली आणि मुलाखत आटोपली.

ती जागा दुसऱ्याला मिळाली. वाईट वाटलं, फार वाटलं. ती डावी बाजू मला दुरुस्त करायची होती.

चार दिवसांनी रात्री खजिनदारांचा फोन आला. नोकरीबद्दल अवाक्षर नाही.

"झोप लागत नाहीये हो. स्टेपलर का काढलात? पेपरवेट का नाही?"

मी म्हटलं, दहा जणांत खेळताना चेंडू पुढे गेला की तो तिथे रोखून धरणारा लागतो. पाठीवर बचावपटू घेऊन उभा राहील असा. तेवढ्यात बाकीच्यांना श्वास मिळतो. स्टेपलर वेगवान आहे, पण त्याला पळायला चेंडू देणार कोण?

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"थांबा," ते म्हणाले, "चष्म्याची डबी घेऊन येतो."