तुम्ही विचारलंत म्हणून: आधी बोर्ड घेऊ की जिम लावू?

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे आणि चाळिशी उलटल्यावर सर्फिंग, म्हणजे बोर्डवर उभं राहून समुद्राच्या लाटांवरून सरकणं, शिकले. या दोन गोष्टी एकाच बाईबद्दल कळल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. दवाखान्यात खांद्याला शेक घेता घेता, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसल्यावर, पोहण्याच्या तलावावर, कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मलाही शिकायचंय. आधी बोर्ड घेऊ की जिम लावू?" विचारणारे बहुतेक पस्तिशी ते पंचावन्नच्या मधले असतात. समुद्र आपल्याला जवळ नाही. सांगलीहून कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची तर अर्धा दिवस मोडतो. म्हणजे जी काही तयारी व्हायची ती इथेच, घरी आणि तलावात व्हायला हवी. त्यामुळे हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

माझं उत्तर असं, की बोर्ड आत्ता घेऊ नका आणि जिमचीही घाई नको. पोहणं पक्कं करा आणि जमिनीवर पालथं पडून जे व्यायाम होतात ते रोज करा. हा खेळ बघताना दिसतो तसा करताना नसतो. व्हिडिओत माणूस लाटेवर उभा दिसतो. पाण्यात मात्र जवळजवळ निम्मा वेळ तो बोर्डवर पालथा पडून हातांनी पाणी कापत असतो आणि उरलेल्यातला बराचसा वेळ लाटेची वाट बघत बसलेला असतो. स्पर्धेत उतरणाऱ्या सर्फर्सच्या वेळेचा हिशोब अभ्यासकांनी मांडला, तेव्हा उभं राहून लाटेवर सरकण्याचा वेळ एकूण वेळेच्या दहा टक्क्यांच्याही आत निघाला. नवशिक्याचा त्याहून कमी असणार हे उघड आहे. म्हणून व्यायाम निवडायचा असो की बोर्ड, पालथं पडल्यावर आपलं काय होणार हे आधी बघायचं. उभं राहण्याचा विचार त्यानंतर.

पोहण्यापासून सुरुवात करते. शिकाऊ माणूस कमरेएवढ्या पाण्यातच असतो, मग पोहायला कशाला यायला हवं, असं पुष्कळजण म्हणतात. काही ठिकाणी पोहता न येणाऱ्यांनाही शिकवतात. मला ते पटत नाही. लाट अंगावर फुटल्यावर तोंड पाण्याखाली जातं, नाकात पाणी जातं, आणि ज्याला पाण्याची सवय नाही तो त्या क्षणी श्वास रोखायचा सोडून हातपाय झाडू लागतो. न थांबता दोनशे मीटर फ्रीस्टाइल, आणि कशालाही न धरता पाच मिनिटं जागच्या जागी तरंगणं, एवढं जमेपर्यंत थांबा असं मी सांगते. फ्रीस्टाइलच का? बोर्डवर हात मारायची पद्धत तिच्या सर्वांत जवळची आहे. आपल्याकडे बेडूक पद्धतीनं तासभर पोहणारी मंडळी खूप आहेत, पण त्यात खांद्याचे वेगळेच स्नायू कामाला लागतात.

सांगलीत कृष्णेत पोहणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या मारणारे लोक या गावानं पाहिलेत. तरीही सर्फिंगच्या सरावासाठी नदीत उतरा असं मी कुणालाही सांगणार नाही. या पट्ट्यात नदीत मगरी आहेत, आणि भिलवडी-औदुंबरच्या बाजूच्या लोकांना ते वेगळं सांगायला नको. तलाव बरा. नदीवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र आयती मिळालेली असते. प्रवाहाशी भांडायचं नसतं, आडवं कापत बाहेर पडायचं असतं, हे त्याला माहीत असतं. समुद्रात किनाऱ्याकडून आत ओढणारा प्रवाह असतो, त्याला रिप करंट म्हणतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं ताकद न घालवता किनाऱ्याला समांतर सरकायचं, आणि बोर्ड सोडायचा नाही, कारण तरंगायला तोच आधार असतो.

आता अंगाची तयारी. माझ्याकडे येणाऱ्यांत दिवसभर संगणकासमोर बसणारे खूप आहेत. त्यांची मान मोकळी वळते, पण पाठीचा वरचा भाग लाकडासारखा ताठ असतो. असा माणूस बोर्डवर पालथा पडून पुढे बघायला डोकं वर उचलतो, तेव्हा पाठीनं करायचं काम मान करते. अर्ध्या तासात मान धरते आणि दिवस संपतो. याला उपाय सोपा आहे. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून खांद्याच्या पात्यांखाली आडवी घ्या, त्यावर उताणं पडा, हात डोक्यामागे धरा आणि श्वास सोडत पाठ सैल सोडा. रोज पाच मिनिटं. त्यानंतर भुजंगासन आणि शलभासन, दोन्ही सावकाश.

खांद्याची एक साधी परीक्षा आहे. भिंतीला पाठ आणि डोकं टेकून उभं राहायचं आणि कंबर न उचलता दोन्ही हात वर नेऊन भिंतीला लावायचे. हात लागत नसतील किंवा मध्येच कळ येत असेल, तर आधी खांदा दाखवून घ्या. चाळीस ते साठ या वयात खांदा आखडण्याचा त्रास जास्त दिसतो आणि मधुमेह असेल तर आणखीच. आखडलेल्या खांद्यानं शेकडो वेळा पाणी मारायला गेलात तर तो महिनोन्‌महिने धरून बसेल. खांदा मोकळा असेल तर रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपर अंगाला लावून हात बाहेर फिरवायचा व्यायाम करा. दिसायला किरकोळ आहे, पण खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणारे छोटे स्नायू त्यानंच तयार होतात.

आणि जोर. आपल्या भागात तालमीची ओळख नाही असं घर विरळा. वडिलांनी नाहीतर आजोबांनी जोर-बैठका मारलेल्या असतातच. बोर्डवर पालथं असताना लाटेनं उचललं की झटक्यात उभं राहावं लागतं, त्याला पॉप-अप म्हणतात. त्याचा पहिला अर्धा भाग जोरासारखाच आहे: हात खालच्या बरगड्यांजवळ सपाट टेकवायचे, बोर्डच्या कडा धरायच्या नाहीत, छाती उचलायची. दुसरा अर्धा भाग सूर्यनमस्कारात आहे. मागचा पाय उचलून दोन हातांच्या मध्ये आणून ठेवतो ना, तेच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेले. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावाची ही ओळख मला फार जवळची वाटते आणि माझ्या कामात मी तिचा रोज उपयोग करते. घरी करून बघा. पाय एका दमात हातांच्या मध्ये येतो का? बहुतेक मोठ्या माणसांचा पाय वीतभर मागेच अडतो आणि मग घोटा हातानं धरून पुढे ओढावा लागतो. अडतं ते खुब्यात, पायाच्या ताकदीत नाही. पाय सहज पुढे येईपर्यंत सावकाश करत राहा, वेग नंतर वाढवा. गुडघा टेकून उठायची सवय लावू नका. ती एकदा लागली की सुटता सुटत नाही. शरीर जड वाटत असेल तर उभं राहिल्यावर मागे राहणारा पाय आधी टेकवा, मग पुढचा आणा, तेही चालतं.

साधारण तीन महिने एवढं केलंत की पुरे. रक्तदाब, हृदयाचा त्रास, गुडघ्याचं ऑपरेशन असं काही असेल तर डॉक्टरांना सांगूनच उतरा.

एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगते, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. पहिल्यांदाच सर्फिंग करणाऱ्यांना क्वचित मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा होते, तीही पडल्या-आपटल्याशिवाय. २००४ साली अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या डॉक्टरांनी तिचं पहिल्यांदा वर्णन केलं. पालथं पडून पाठ बराच वेळ मागे ताणलेली राहिली की मज्जारज्जूचा रक्तपुरवठा बिघडतो, असं मानलं जातं, आणि ती तरुण, धडधाकट माणसांनाही झालेली आहे. अचानक कंबर दुखायला लागली, पायांना मुंग्या आल्या, पाय लुळे किंवा बधिर वाटले, तर "अजून एक लाट घेतो" म्हणू नका. लगेच बाहेर या आणि सरळ इस्पितळ गाठा. एरवीही लाटांच्या मध्ये बोर्डवर उठून बसा, पाठ सैल करा. सतत पालथं पडून राहायचं नाही.

आता बोर्ड. नवशिक्यासाठी फोमचा, मऊ पृष्ठभागाचा, आठ ते नऊ फुटी, बावीस इंचांहून रुंद बोर्ड. त्याला सॉफ्ट-टॉप म्हणतात. बोर्डवर लिटरमध्ये आकारमान लिहिलेलं असतं. आपल्या वजनाचे जितके किलो, निदान तितके लिटर असावेत, थोडे जास्तच बरे. सत्तर किलोच्या माणसाला सत्तर-ऐंशी लिटरचा बोर्ड चांगला. टीव्हीवर दिसणारे टोकदार, छोटे बोर्ड त्याच वजनाच्या खेळाडूसाठी तीस लिटरच्या आसपास असतात आणि आपल्यासारख्याच्या अंगाखाली ते निम्मे बुडतात. बुडालेला बोर्ड हातांनी कितीही पाणी मारलं तरी लाटेचा वेग पकडत नाही आणि लाट खालून निघून जाते. मोठा बोर्ड तरंगतो, लवकर वेग घेतो, उभं राहताना डगमगत नाही. "माझं वजन जास्त आहे, जमेल का?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच असतं: जमेल, बोर्ड मोठा मागा.

हवाईतले सरदार ज्या लांब बोर्डांवर लाटा घेत, ते विलीविली नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाचे असत. हे विलीविली आपल्या पांगाऱ्याच्या जवळच्या नात्यातलं. आणि आपल्याकडे विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना त्याच पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड पाठीला बांधायचे. हे कळलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता. माणूस तरंगता ठेवायला कुठलं झाड कामाचं, हे दोन्हीकडच्या लोकांनी आपापलं शोधून काढलं होतं.

फोमचा आग्रह आणखी एका कारणासाठी. सर्फिंगमध्ये सर्वांत जास्त मार लागतो तो स्वतःच्याच बोर्डचा. म्हणून बोर्ड कधीही लाट आणि आपण यांच्या मध्ये धरायचा नाही. बोर्ड पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, बोर्डइतकी तरी लांब असावी आणि मागच्या पायाच्या घोट्याला बांधावी. ही दोरी १९७१ च्या सुमारास आली. तेव्हा ती लवचीक नळीची असायची, ताणली की बोर्ड झेप घेऊन परत यायचा. वेटसूटसाठी, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखासाठी, प्रसिद्ध असलेल्या जॅक ओनील यांचा डावा डोळा अशाच परत आलेल्या बोर्डनं गेला. आजच्या दोऱ्या पुष्कळ सुधारल्या आहेत, तरी पडल्यावर वर येताना आधी दोन्ही हातांनी डोकं झाकून वर या, हे शिकवणारा सांगेल तेव्हा ते मनावर घ्या.

विकत घेण्याबद्दल: पहिल्या वर्षी घेऊ नका. शिकवणीत बोर्ड मिळतोच. नऊ फुटी बोर्ड गाडीच्या टपावर बांधून घाट उतरायचा, आणि कोकणच्या उन्हात टपावर राहिला तर फोमचे थर सुटतात. आपल्या कष्टाचे पैसे त्यापेक्षा चार दिवस जास्त शिकण्यात घाला. फेसाळ पाण्यातून बाहेर पडून न फुटलेल्या लाटेवर आपापलं वळता येऊ लागलं की मग बघा.

कपड्यांचं बायका हळू आवाजात विचारतात, म्हणून इथे मोकळेपणानं सांगते. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट, आणि घोट्यापर्यंतची घट्ट लेगिंग, बस्स. सगळं अंग झाकलं जातं, ऊन लागत नाही, आणि बोर्डवर घासून छाती-पोट सोलवटत नाही. पुरुषांनीही रॅशगार्ड घालावाच. आपल्या समुद्राचं पाणी कोमट असतं, वेटसूटवर खर्च करू नका. मंगळसूत्र, अंगठ्या, कानातलं घरी ठेवून या. दोरीत किंवा बोर्डवर अडकून बोट दुखावतं. चेहऱ्याला झिंकचं सनस्क्रीन जाड थरानं लावा.

जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर नवशिक्यानं उतरायचंच नाही. ऑक्टोबरपासून पुढे समुद्र निवतो. कोकणात तेव्हा लाटा कधी कधी फारच लहान असतात, पण पहिल्या दिवसांना त्या पुरतात. मिरजेहून गोवा एक्सप्रेसनं गोव्याला जाणं सोपं. कर्नाटकात मंगळूरजवळ मुल्की आणि ससिहित्लू आहे, जिथे २०१६ मध्ये इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. चेन्नईजवळ कोवलम आणि महाबलीपुरम आहेत.

जिथे जाणार तिथे आधी फोन करा. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, शिक्षक स्वतः पाण्यात बरोबर उतरतो का, आणि जीव वाचवण्याचं प्रशिक्षण त्यानं घेतलंय का, हे विचारा. आपलं वय, वजन आणि जुनं दुखणं खरं सांगा. मग कुठला बोर्ड देणार ते विचारा. मोठ्या माणसाला पहिल्या दिवशी आठ फुटांहून लहान किंवा कडक बोर्ड देतो म्हणाले, तर दुसरीकडे चौकशी करा.