मार्गदर्शन मागवलंय

‘मार्गदर्शन मागवलंय’ हे दोन शब्द आजही कानावर पडले की डोक्यात तिडीक जाते. २०१८ साली मी एक पाक्षिक काढायला निघालो होतो. अर्धं मराठी, अर्धं कन्नड. आमचा तालुका कर्नाटकाच्या सीमेला चिकटलेला. बाजारात भाजीवाली गिऱ्हाइकाला मराठीत भाव सांगते आणि शेजारच्या गाळ्यावर कन्नडमध्ये भांडते. लग्नपत्रिका दोन्ही लिपींत छापतात. मग वर्तमानपत्रानेच एका भाषेत का बोलायचं, एवढा साधा विचार होता. त्या साध्या विचाराला नऊ महिने लागले आणि त्यातले पाच महिने एकाच टेबलावर गेले.

तेव्हाची रीत थोडक्यात सांगतो. आधी शीर्षक मंजूर करून घ्यायचं. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत दंडाधिकाऱ्यांमार्फत दिल्लीला आरएनआयकडे, म्हणजे वृत्तपत्र निबंधकांकडे जायची. शीर्षकाचं पत्र आलं की मुद्रक आणि प्रकाशक दोघांनी दंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहून घोषणापत्र द्यायचं, ते प्रमाणित झालं की पहिला अंक काढायचा आणि मग तो अंक जोडून नोंदणीचा अर्ज. सगळं १८६७ च्या कायद्याखाली. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ ला निघाला तेव्हाही हाच कायदा होता आणि १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हाही हाच. त्यामुळे त्या मंडळींनाही असं शपथेवर उभं राहावं लागलं असणार, अशी मी त्या पाच महिन्यांत स्वतःची समजूत घालत असे.

शीर्षकात माझे साडेतीन महिने गेले, पण तो दोष माझाच. नियम असा की त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा त्याच राज्यात कुठल्याही भाषेत, तेच किंवा त्याच्यासारखं नाव आधी असेल तर ते मिळत नाही. मी फक्त महाराष्ट्रातली मराठी नावं शोधली होती. दोन भाषांचं पत्र म्हटल्यावर देशभरातली मराठी नावं, देशभरातली कन्नड नावं, वर महाराष्ट्रातली हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, सगळीच आडवी येतात, हे डोक्यातच आलं नाही. देशात नोंदणी झालेली नियतकालिकं लाखाच्या वर आहेत. तुम्हाला अंघोळ करताना सुचलेलं झकास नाव आधी कुणाला तरी सुचलेलंच असतं. पुढे ‘साप्ताहिक’ किंवा ‘नव’ लावून ते वेगळं होत नाही. आणि शोध रोमन अक्षरांत घ्यावा लागतो, तिथे ‘वाट’ आणि ‘वात’ एकच. त्यामुळे एकेक नाव तीन-चार स्पेलिंगांनी शोधा, एक ‘ए’ घालून, दोन ‘ए’ घालून. पसंतीक्रमाने पाच नावं द्यायची असतात. माझी पहिल्या खेपेची पाचही गेली.

दुसऱ्या खेपेला मात्र जे सुचलं त्याचा मला अजून अभिमान आहे. ‘दारी’. मराठीत दाराशी, कन्नडमध्ये वाट. एकच शब्द, दोन्ही भाषांत चालणारा. शीर्षकात त्याच्या जोडीला आणखी एक शब्द आहे, तो इथे लिहीत नाही, उगाच जाहिरात व्हायची. सप्टेंबरअखेर पत्र आलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: द्विभाषिक, मराठी व कन्नड.

मनात होतं, पहिला अंक ६ जानेवारीला काढायचा. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं, म्हणून आपण तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी हारतुरे घालणाऱ्यांतल्या अनेकांना ‘दर्पण’ द्विभाषिक होतं हे ठाऊक नसतं. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापत. आपलंही दोन भाषांचं, तर हाच मुहूर्त. हातात तीन महिने होते. घोषणापत्राला फार तर आठ दिवस, असा माझा हिशेब.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कागद घेऊन गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. संबंधित टेबलावरच्या भाऊसाहेबांनी शीर्षकाचं पत्र दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, “यात कन्नडपण आहे.”

“हो. निम्मी पानं.”

“आता आमच्याकडं कन्नड कुणाला येतंय? तुम्ही त्यात काय छापणार ते आम्हाला कळायचं कसं? आणि न कळता साहेबांनी सही कशी करायची?”

मला आधी वाटलं, गंमत करतायत. घोषणापत्रात मजकूर तपासायचा नसतोच. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापणार, शीर्षक, भाषा, किती दिवसांनी निघणार, एवढंच. हे मी शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, असली केस त्यांच्या टेबलावर पहिलीच, बघून सांगतो. पुढच्या आठवड्यात साहेब दौऱ्यावर. त्याच्या पुढच्या आठवड्यात साहेबांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, चालू. चौथ्या चकरेला मी कायद्याची छापील प्रत नेली आणि माझा आवाज चढला. इथे मी चुकलो. “तुम्ही आता आम्हाला कायदा शिकवणार,” एवढंच ते म्हणाले, आणि माझी फाइल गठ्ठ्यात सगळ्यात खाली गेली. अगदी माझ्या डोळ्यांदेखत, हळूच, लाल कापडाच्या घडीपर्यंत.

दिवाळीच्या तोंडावर कळलं की वर जिल्ह्याला पत्र गेलंय. “मार्गदर्शन मागवलंय.” काय विचारलंय, तर द्विभाषिक नियतकालिकाच्या बाबतीत काय कार्यवाही करावी. दिवाळी गेली, नोव्हेंबर गेला. मी दर सोमवारी जायचो. बाहेरच्या टपरीवाल्याने माझा चहा न विचारता करायला सुरुवात केली. डिसेंबरात उत्तर आलं. मी ते हातात घेऊन वाचलं, म्हणून सांगतो. दोन महिने ज्याची वाट पाहिली त्या मार्गदर्शनात एकच ओळ होती: ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी.’

असो. १७ डिसेंबरला शपथ झाली. आमचा प्रेसवाला मशिन बंद ठेवून पंचवीस किलोमीटरवरून आला, दोघांनी सह्या केल्या, साहेबांनी पाच मिनिटांत प्रमाणित केलं. साहेब सज्जन होते, “कन्नडचा अंक मलाही पाठवा” म्हणाले. मी कागद पिशवीत टाकला, पेढे घेतले आणि थेट प्रेसमध्ये गेलो. त्याच आठवड्यात रंगीत कव्हरं छापून घेतली. एक हजार. ‘वर्ष १ ले, अंक १ ला, रविवार, ६ जानेवारी २०१९’.

पिशवीत टाकण्याआधी तो कागद वाचला असता तर हा लेख निम्मा झाला असता.

२८ डिसेंबरला प्रेसवाल्याचा मुलगा शेवटच्या पानावरची ती बारीक टायपातली ओळ जुळवत होता, ‘हे पाक्षिक मालक, मुद्रक, प्रकाशक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले’ वगैरे. ती घोषणापत्राशी अक्षरन् अक्षर जुळायला लागते, म्हणून त्याने प्रत समोर ठेवली होती. त्याने मान वर केली. “काका, यात भाषा नुसती मराठी लिहिलीय.”

कार्यालयातल्या ऑपरेटरने मागच्या कुठल्या तरी साप्ताहिकाची फाइल उघडून त्यात माझं नाव-गाव बदललं होतं. भाषेच्या रकान्याला हात लावायचा राहिला. ज्या कन्नडसाठी दोन महिने मार्गदर्शन मागवलं, ते कन्नडच गायब. आणि भाषा ही काही बारीकसारीक बाब नाही; भाषा बदलली की जुनं घोषणापत्र निकामी होतं, असं कायदाच सांगतो. तसाच अंक काढला असता तर पुढे नोंदणीत त्रुटी निघणार हे नक्की.

३१ तारखेला गेलो. “आता नवीन वर्षात या.” नवीन वर्षात गेलो. खाडाखोड चालणार नाही, नवीन घोषणापत्र करावं लागेल, हे मला मान्यच होतं. पण मग भाऊसाहेबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. “आधीचं प्रमाणित झालंय ना? ते असताना दुसरं कसं करायचं, याचं जरा मार्गदर्शन मागवावं लागेल.”

६ जानेवारी मी घरी बसून काढला. तालुक्याच्या पत्रकार संघाचा कार्यक्रम होता, गेलो नाही.

या वेळी मात्र शहाणपण आलं होतं. चूक कुणाची, हे मी एकदाही तोंडातून काढलं नाही. साधा एक पानाचा अर्ज लिहिला, सोबत शीर्षकाचं पत्र जोडून भाषेचा शब्द पेनाने अधोरेखित केला, अर्ज आवकला, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, लावला, आपल्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घेतला. त्यानंतर ‘माझ्या कामाचं काय झालं’ असं कधी विचारलं नाही. ‘आवक नंबर अमुक, कुठपर्यंत आलाय’ असं विचारायचं. फरक पडतो. हे मी ऑक्टोबरातच करायला हवं होतं. प्रेसवाल्याला दुसऱ्यांदा आणणं हे वेगळंच प्रकरण. “मालक, तुमच्या पेपरापायी माझा धंदा बसायचा,” म्हणाला; शेवटी मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून नेला आणि परत नेऊन सोडला. ११ फेब्रुवारीला दुसरी शपथ झाली. तो कागद मी टेबलापाशी उभं राहून बोट ठेवून वाचला, शिपाई पंखा बंद करायला आला तरी हललो नाही.

पहिला अंक १ मार्च २०१९ ला निघाला. आठवड्याला किंवा त्याहून लवकर निघणाऱ्या पत्राला प्रमाणित झाल्यापासून सहा आठवडे मिळायचे, बाकीच्यांना तीन महिने, त्यामुळे मुदतीची चिंता नव्हती. नोंदणीचा अर्ज गेला आणि प्रमाणपत्र आलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. नंबर तेवढा पाहून घ्या. सुरुवातीची अक्षरं राज्याची, पुढची तीन भाषेची. मराठी पत्राला एमएआर असतं, आमच्याला बीआयएल, बायलिंग्वलचं. एवढ्या तीन अक्षरांसाठी सगळा खटाटोप.

आता तुम्ही काढणार असाल तर हे सगळं तुमच्या वाट्याला येणार नाही. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू झालाय, माझ्या पहिल्या अंकाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. (मी हसलो, पण पुरेसा नाही.) शीर्षक आणि नोंदणी एकाच अर्जात, प्रेस सेवा पोर्टलवर. दंडाधिकाऱ्यांसमोर शपथ घ्यायची पायरी गेली, प्रेसवाल्यानेही आपली माहिती ऑनलाइन द्यायची. जिल्ह्याकडून अभिप्रायाला साठ दिवसांची मुदत. आरएनआयचं नाव आता पीआरजीआय, म्हणजे प्रेस रजिस्ट्रार जनरल ऑफ इंडिया. नावाचा नियम मात्र तोच, त्याच भाषेत किंवा त्याच राज्यात सारखं नाव नको. म्हणजे ‘वाट’ आणि ‘वात’ची कसरत चुकत नाही.

मधे सांगायचं राहिलं. दोन लिप्या एकाच पानावर आणणार असाल तर आधी एक पान छापून बघा. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी अक्षरं, पहिल्या अक्षराच्या खाली लटकतात आणि मराठीच्या मापाने ओळी लावल्या की खालच्या ओळीच्या डोक्यावर बसतात. आम्ही शेवटी कन्नडची पानंच वेगळी केली. आणि शीर्षक, तारीख प्रत्येक पानावर घ्यायला विसरू नका. अंक तपासताना हे बघतात.

तारीख घातलेली कव्हरं आधी छापू नका, हे सांगायला नकोच. ती हजार कव्हरं प्रेसवाल्याने कोरी बाजू वर करून कापली, डिंक लावून पॅड बांधले आणि अर्धे मला दिले. वर्गणीदारांचा हिशेब मी त्यांवरच लिहितो. अजून सात पॅड शिल्लक आहेत.