ब्लँकमधला परागकण

गेला आठवडाभर एकच परागकण माझ्या डोक्यात आहे.

पुण्यात नदीकाठच्या प्रयोगशाळेत मी राजस्थानातल्या सरोवरांचा गाळ तपासते. सध्याचा कोअर, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा दंडगोल, थारमधल्या एका कोरड्या तळ्याचा. वर मीठ आणि जिप्समचा थर, त्याखाली राखाडी, पापुद्र्यापापुद्र्यांचा चिखल. तो दिसला की माझा हात आपोआप सावकाश चालतो, कारण असे पापुद्रे पाणी बराच काळ शांत उभं राहिल्याशिवाय साचत नाहीत.

माती भिंगाखाली धरली की झालं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात चमचाभर गाळाला तीन दिवस लागतात. सुरुवातीलाच लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकायची. तिच्यात बीजाणू किती ते माहीत असतं, त्यावरून मूळ गाळातल्या परागकणांचा हिशेब लागतो. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, पोटॅशमध्ये गरम करून कुजका भाग घालवायचा, मग वाळू विरघळवायला हायड्रोफ्लोरिक. ते कातडीतून थेट हाडापर्यंत जातं, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल समोर असल्याशिवाय मी कुणालाही ती बाटली उघडू देत नाही. शेवटी असेटोलिसिस, म्हणजे उरलासुरला वनस्पतींचा भाग तीव्र आम्लांच्या मिश्रणाने घालवणं. वाळूसुद्धा विरघळते, पण परागकणाचं कवच या सगळ्यातून तरतं. इतक्या वर्षांनीही मला त्याचं नवल वाटतं.

त्या राखाडी थरात पाणकणसाचे परागकण मिळाले, लव्हाळ्याच्या कुळातलेही. पाणकणीस उथळ पाण्यात पाय रोवून उभं राहतं. आज जिथे मीठ खरवडतात तिथे कधीतरी दलदल होती! सरांनी लगेच लेखाचा मसुदा काढला.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टला आलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, ब्लँकमध्येपण पाणकणीस आहे."

ब्लँक म्हणजे गाळ न घालता त्याच आम्लांतून नेलेली रिकामी नळी. तिच्यात काहीही असता कामा नये. अख्ख्या स्लाइडवर एकच कण होता, पण होता.

आमचा फ्यूम हूड, म्हणजे आम्लांच्या वाफा बाहेर ओढणारं कपाट, नीट ओढत नाही. दुरुस्तीची फाइल आठ महिने टेबलाटेबलांवरून फिरते आहे, म्हणून काम करताना खिडकी उघडी ठेवावी लागते. खिडकीखाली नदी, आणि काठाने पुरुषभर उंच पाणकणीस, त्या दिवसांत कणसांवर आलेलं. पाणकणसाच्या एका जातीचे, टायफा लॅटिफोलियाचे, परागकण चारचारच्या जुडीत सुटतात, तसे असते तर वेगळे ओळखता आले असते. पण थरातलेही सुटे आणि ब्लँकमधलाही सुटाच.

"एका कणाने काय होतंय?" सर म्हणाले. त्यांचा हिशेब बरोबर आहे, थरातले कण कितीतरी जास्त आहेत आणि बरेचसे चुरगळलेले, झिजलेलेही आहेत. तरी मला ते पटत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला परागकणतज्ज्ञ गुरदीप सिंग यांनी सांभर, डीडवाना, लुणकरणसरच्या परागकणांवरून थारचा जुना पाऊस वाचला. ते फार मोठं काम होतं. त्यावरून सरोवरं आटण्याचा संबंध सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासाशी जोडला गेला. १९९९ मध्ये लुणकरणसरच्या नव्या कालमापनातून दिसलं, की ते सरोवर साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वी, म्हणजे सिंधूची शहरं भरात येण्याच्या कितीतरी आधीच कोरडं पडलं होतं. आमच्या विषयात निष्कर्ष असा चिमूटभर गाळावर उभा असतो. बाहेर मात्र ज्याला त्याला लुप्त सरस्वती नदीच हवी असते. कुठल्याही लग्नात मला तोच प्रश्न येतो, दलदलीबद्दल कुणी विचारत नाही.

डायटम या सूक्ष्म पाणशेवाळांची स्लाइडही करून पाहिली. त्यांची कवचं सिलिकाची, जातीवरून पाणी गोडं की खारं ते कळतं. पण खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात सिलिका विरघळते. आमच्या वाट्याला फक्त तुकडे आले, जात सांगता येईल असा एकही नाही.

त्या थराचा दोन चमचे गाळ फ्रीझरमध्ये शिल्लक आहे. मुलीने ब्लँक लपवला नाही, म्हणून पुढची नळी तिच्याच हातात द्यायची असं मी ठरवलंय. मसुदा थांबवला, सर नाराज आहेत. दुसऱ्या एका विभागाने त्यांचा हूड दोन दिवस वापरायला दिलाय, त्यांच्या खिडक्या नदीकडे उघडत नाहीत. सोमवारी सुरुवात केली. या वेळी ब्लँक तीन लावलेत.