मुकी ठरलेली गिटार

वाद्यदुरुस्तीचे काम मी गेली एकवीस वर्षे पुण्यात करतो आहे. वडील सतार आणि तंबोऱ्यांची जवारी लावत असत. त्यांच्याच दुकानात बसून मी गिटारीकडे वळलो. रोजचे काम बहुतेक झिजलेले फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), निखळलेल्या खुंट्या आणि उचकटलेली घोडी (तारा जिच्यावर अडकवतात तो लाकडी ठोकळा) एवढ्यातच फिरते. गेल्या श्रावणात प्रभात रस्त्यावरच्या एका घरी जो दिवस गेला, तो मात्र मी लिहून ठेवावा असे मला तेव्हापासून वाटत आहे.

बोलावणे एका निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टरताईंचे होते. त्या चाळीस वर्षे स्वतःच्या साथीने भावगीते गात आल्या आहेत आणि निवृत्तीनंतर हाताने घडवलेली एक उत्तम गिटार घ्यावी, असे त्यांच्या मनात होते. तीन वेगवेगळ्या परदेशी कारागिरांच्या तीन गिटारी त्यांनी पारखण्यासाठी घरी आणवल्या होत्या, आणि प्रत्येकीची किंमत चार लाखांच्या पुढे होती. तिन्हींचा आकार ऑर्केस्ट्रा मॉडेलचा, म्हणजे मध्यम बांध्याचा, तारेची लांबी 25.4 इंच, म्हणजे तुलना करायला सोयीच्या. पहिलीची तबली, म्हणजे पुढची लाकडी फळी, सिटका स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची आणि पाठ शिसवाची, दुसरीची तबली युरोपीय स्प्रूसची आणि पाठ महॉगनीची, तिसरीची तबली अ‍ॅडिरॉन्डॅक स्प्रूसची आणि पाठ पुन्हा शिसवाची. ताईंनी क्रमही लावून ठेवला होता: तिसरी सर्वांत चांगली, पहिली बरी आणि दुसरी मुकी. “तुम्ही फक्त एकदा हो म्हणा,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हटले नाही, कारण दुसरीच्या तारांखालून बोट फिरवताच ते काळे झाले होते. फ्रेट जिथे तारेला टेकतात तिथे तारांना खाचा पडल्या होत्या. तिसरीच्या तारा मात्र कोऱ्या होत्या. खोलीतला आर्द्रतामापक 79 टक्के दाखवत होता. पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, तबली घोडीमागे वर येते आणि तारा उचलल्या जातात. दुसरीची तबली इतकी फुगली होती की बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची 3.1 मिलिमीटर भरली, तिसरीची 2.2 होती. अशा स्थितीत ताई तीन गिटारी ऐकत नव्हत्या, तीन वेगवेगळ्या अवस्था ऐकत होत्या. ही गोष्ट मी त्यांना सविस्तर समजावून सांगितली आणि तिन्ही गिटारी आर्द्रता राखणाऱ्या पुड्या घालून आठ दिवस पेटीत बंद ठेवायला सांगितल्या.

आठ दिवसांनी दुसरीची उंची आपोआप 2.5 वर आली होती. वाद्ये अजून विकत घेतलेली नसल्यामुळे मूळ सॅडलला, म्हणजे घोडीतल्या तारा टेकणाऱ्या पट्टीला, कानस लावणे मला योग्य वाटले नाही. मी हाडाच्या वेगळ्या सॅडल घासून बसवल्या आणि तिन्हींची उंची 2.2 वर आणली. तिन्हींना एकाच जातीच्या, 12 ते 53 मापाच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) फॉस्फर ब्रॉन्झच्या तारा चढवल्या, त्या हाताने ओढून ताणल्या आणि पुन्हा सुरात आणल्या. यात सकाळ गेली. हे काम कंटाळवाणे असते आणि बहुतेक लोक तेच टाळतात, पण त्याशिवाय पुढचे काहीही खरे मानता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुपारी ताईंच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, उपरण्याची घडी करून ताईंच्या डोळ्यांवर बांधली. चिठ्ठ्या काढून त्या क्रमाने ते गिटार हातात देत आणि ताई प्रत्येक वेळी त्याच चार ओळी वाजवत. मी पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून, पाठ फिरवून बसलो होतो आणि ऐकताना गिटारीची पाठ कोणत्या लाकडाची आहे ते कागदावर लिहीत होतो. अशा नऊ फेऱ्या झाल्या. दांडीच्या जाडीवरून हात गिटार ओळखू शकतो, म्हणून नंतर त्यांच्या मुलीने वाजवले आणि ताईंनी नुसते ऐकले. दोन्ही वेळा त्यांची सर्वाधिक पसंती एकाच गिटारीला मिळाली, आणि ती होती दुसरी.

उपरणे सोडल्यावर त्या बराच वेळ त्या गिटारीकडे पाहत राहिल्या. मला माझ्या कागदाचा धक्का अधिक होता. शिसवी पाठीचा आवाज डोळे मिटून ओळखता येतो असे मी कित्येक गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे, आणि नऊपैकी चार वेळा मी चुकलो होतो. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी केवळ पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटारी 52 वादकांकडून न पाहता वाजवून घेतल्या होत्या आणि त्यांनाही फारसा फरक आढळला नव्हता, हे मी वाचले होते. तरीही मनाने ते मानले नव्हते. ब्राझीलचे शिसव दुर्मीळ झाल्यावर 1969च्या सुमारास मोठ्या अमेरिकी कारखान्याने आपल्याकडचे शिसव वापरायला सुरुवात केली आणि 1992मध्ये ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्या दुर्मीळतेमुळे पाठीच्या लाकडाला जे वलय आले, त्याने माझेही कान बांधले होते. आवाजाचा मोठा भाग तबलीची जाडी आणि तिच्या आतल्या पट्ट्यांची मांडणी ठरवते, हे मी त्या दिवसापासून बिनदिक्कत सांगतो.

तिसरी का मागे पडली, याचा उलगडा व्हायचा होता. ताई म्हणाल्या, “तिच्यात एक सूर मध्येच गिळल्यासारखा होतो.” मी तिसरी तार मोकळी छेडली. सूर एकदम मोठा उसळला आणि सेकंदभरात बसला. तारेचा किंवा नटचा, म्हणजे दांडीच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीचा, दोष असेल म्हणून मी ती तार अर्ध्या सुराने उतरवली. आता मोकळ्या तारेचा सूर छान लांबला, पण पहिल्या फ्रेटवरचा सूर तसाच विझला. चौथ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच सूर धरला, तर तिथेही तेच. म्हणजे दोष तारेत नव्हता. मोकळ्या तिसऱ्या तारेचा तो 196 हर्ट्झचा ‘जी’ सूर आणि तबलीचा स्वतःचा नाद एकाच जागी येत होते, आणि तबली तारेची सगळी शक्ती एका झटक्यात ओढून घेत होती. वडील तबलीवर बोटाचे पेर वाजवून मान कलती करून ऐकत असत, तसे मी घोडीजवळ वाजवून पाहिले आणि तोच सूर ऐकू आला. मग मटाराएवढी चिकट पुट्टी तिथे दाबून लावली. तबलीचे वजन वाढून तिचा नाद किंचित खाली सरकला आणि ‘जी’ मोकळा झाला. काकांनी पुट्टी काढून, पुन्हा लावून तीनदा ऐकले.

या दोषावर कायमचा उपाय करता येतो, पण चार लाखांच्या नव्या वाद्यावर तो गिऱ्हाइकाने का करावा, हे मला पटले नाही. ताईंची निम्मी गाणी मोकळ्या तिसऱ्या तारेवर टेकलेली आहेत. मी हा दोष, त्याची फ्रेटवार नोंद आणि पुट्टीचा परिणाम लिहून तो कागद तिसऱ्या गिटारीच्या पेटीत ठेवला, म्हणजे ती परत गेल्यावर कारागिरापर्यंत पोहोचेल.

संध्याकाळी पाऊस पुन्हा लागला. ताईंनी दुसरी गिटार मांडीवर घेतली होती आणि त्या अगदी हळू वाजवत होत्या. मी त्यांना वैशाखात पुन्हा बोलवायला सांगितले; तेव्हा हवा कोरडी असेल, तबली खाली बसलेली असेल आणि आज बसवलेली सॅडल बहुधा थोडी बुटकी ठरेल. उंच सॅडल मी तेव्हाच घासून पाकिटात घालून दिली आणि पाकिटावर पेन्सिलीने ‘उन्हाळा’ असे लिहिले.