तुम्ही विचारलंत म्हणून: शार्लट लूकसची बाजू

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी शिकवताना नायिका एलिझाबेथ बेनेटला सोडून तुम्ही तिच्या मैत्रिणीची, त्या शार्लट लूकसची बाजू का घेता? वर्गात मुली विचारतात, वाचनमंडळात बायका विचारतात, परवा भाचीनेही फोनवर विचारलं. तिच्या विचारण्याला धार होती. "मावशी, म्हणजे न आवडणाऱ्या माणसाशी लग्न करावं असं तुझं म्हणणं आहे का?" नाही, माझं तसं म्हणणं नाही. पण तोंडी उत्तर देताना मी आधी चिडते आणि मग गोष्ट अर्धवट सांगते, म्हणून एकदा लिहूनच काढते.

एलिझाबेथने कॉलिन्सला, म्हणजे नात्यातल्या त्या पाद्र्याला, लग्नाला नकार दिला आणि मग शार्लटने त्यालाच होकार दिला. एलिझाबेथच्या नकाराचं कौतुक मलाही आहे. पण तो नकार तिने कशाच्या जोरावर दिला, हे बघा. वडिलांचं उत्पन्न वर्षाला 2,000 पौंड, पण इस्टेट फक्त पुरुष वारसाला जाणारी, म्हणजे त्यांच्या मागे याच कॉलिन्सला. मुलीच्या वाट्याला 1,000 पौंड, तेही आई गेल्यावर. चार टक्क्यांनी वर्षाला 40 पौंड झाले. पुढे जो तिचा नवरा होतो, त्या डार्सीचं वर्षाचं उत्पन्न 10,000. नोकरी म्हणाल, तर चांगल्या घरच्या मुलीला परक्याच्या घरी राहून मुलं शिकवण्यापलीकडे फारसं काही नव्हतं, आणि ऑस्टिनच्याच 'एमा' कादंबरीतली जेन फेअरफॅक्स त्या धंद्याची तुलना गुलामांच्या व्यापाराशी करते. शार्लटची गत तर एलिझाबेथहून वाईट. वय 27, रूप बेताचं, वडिलांकडे 'सर' ही पदवी आहे, पण मुलीला द्यायला फारसं काही नाही. तिचं लग्न ठरतं तेव्हा भावांचा जीव भांड्यात पडतो, कारण ही बिनलग्नाची राहणार ही धास्ती गेली. धाकट्या बहिणींना वाटतं, आता आपला नंबर लवकर लागेल. आणि आई मनात मोजू लागते की मिस्टर बेनेट अजून किती वर्षं जगतील. एका परिच्छेदात ऑस्टिनने अख्खं घर दाखवलंय. तो मी वर्गात सावकाश वाचते.

पूर्वी वाचत नव्हते.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. एका मुलीने ट्यूटोरियलमध्ये शार्लटवर दीड पान लिहिलं. इंग्रजी कच्चं होतं, पण मुद्दा सरळ होता: शार्लटने कोणाला फसवलं नाही, कॉलिन्सला बायको हवी होती आणि हिला घर, दोघांनाही हवं ते मिळालं. मी लाल पेनाने लिहिलं, 'लेखिकेचा रोख समजलेला नाही', आणि दहापैकी तीन दिले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली. हातात तोच कागद, चार घड्या घातलेला. मार्कांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "मॅडम, एलिझाबेथला डार्सी भेटलाच नसता तर?"

मी म्हटलं, "पण भेटला ना." आणि मस्टरवर सही करायला वळले.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. "हो मॅडम," म्हणाली आणि गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. चौकशी केली तेव्हा मैत्रीण म्हणाली, लग्न ठरलं, मुलाचं स्वतःचं घर आहे. 'स्वतःचं' या शब्दावर तिने दिलेला जोर अजून माझ्या कानात आहे. ती परीक्षेला बसली नाही.

माझ्या उत्तरामुळे तिचं लग्न ठरलं नाही, एवढं मला कळतं. ते तिच्या घरी आधीच चाललेलं असणार. पण अख्ख्या कादंबरीला विचारावा असा प्रश्न तिने विचारला होता आणि मी तिला कथानक सांगून वाटेला लावलं. कॉलिन्सने तीन दिवसांत दोघींना मागणी घातली. एकीने नाकारली, दुसरीने स्वीकारली. नाकारणारीला पुढे डार्सीचं पेम्बर्ली, त्याची ती भली मोठी इस्टेट, मिळाली म्हणून तिचा निर्णय बरोबर, असं मी मुलींना शिकवत होते.

त्या वेळची मी यावर वाद घालेन. म्हणेन, अगं, ऑस्टिनने स्वतः काय केलं ते बघ. खरं आहे. डिसेंबर 1802मध्ये मॅनिडाउनला हॅरिस बिग-विदरने तिला मागणी घातली. तो मोठ्या इस्टेटीचा वारस होता. तिला 27 पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. संध्याकाळी ती हो म्हणाली आणि सकाळी तिने शब्द परत घेतला. पुढे 1805मध्ये वडील गेल्यावर आई आणि दोघी बहिणी भावांच्या मदतीवर राहिल्या. चॉटनचं घर 1809मध्ये मिळालं, तेही एका भावाने दिलं म्हणून. याच कादंबरीचे हक्क तिने 110 पौंडांना विकले. म्हणून मला वाटतं, शार्लटवर लिहिताना ती संध्याकाळ तिच्या हाताशी असणार. पण सकाळही होतीच, आणि सकाळी ती नाही म्हणाली. इथे माझी वकिली अडते.

दुसरी अडचण हन्सफर्डच्या, म्हणजे लग्नानंतर शार्लट आणि कॉलिन्स राहतात त्या घरातली. तिथे शार्लटने बसायला मागच्या बाजूची खोली निवडलेली असते. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, चांगली मोठी खोली सोडून ही का? मग उलगडतं: कॉलिन्सच्या खोलीतून रस्ता दिसतो, म्हणून तो तिथेच रमतो. बायकांची खोली तितकीच छान असती, तर तो सारखा इकडेच येऊन बसला असता. बागकामालाही शार्लट त्याला उत्तेजन देते. काही वर्षं मी ही खोली तिची शिक्षा म्हणून शिकवली, मग काही वर्षं तिची हुशारी म्हणून. पण शेवटाकडे कॉलिन्सच्या पत्रातून कळतं की शार्लटला दिवस गेले आहेत, आणि तिथे मागची खोली काही कामाची नाही.

भाची म्हणते ते सगळं त्या एका उल्लेखात आहे. वर्गात मी तो भरभर वाचून पुढे जाते. यंदा तिथे थांबायचं ठरवलं होतं, पण तास संपत आला होता आणि मी पान उलटलं.