मूळचे कुठले?

रविवार, रात्र

दिवसभर ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळी कूलर लावून ‘मिसिसिपी मसाला’ बघितला. मीरा नायरचा, 1991चा. बघणार होतो मी आणि हे, पण अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, विड्यांचं सूप घेऊन शेजारी येऊन बसल्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. मान खाली, कान आमच्याकडे. हे मधूनमधून तेलुगूत सांगत होते.

1972 साली इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत निघायला सांगितलं. चित्रपटातल्या मीनाचं कुटुंब तसंच कंपाला सोडून शेवटी अमेरिकेत, मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला येतं. तिथं तिचं डिमिट्रियसवर मन बसतं. तो कृष्णवर्णीय, गालिचे धुणारा. मग मोटेलवाल्या गुजराती मंडळींचा जो काही गहजब!

“धंदा स्वतःचा आहे ना पोराचा?” अत्तम्मा.

“हो.”

“मग काय वाईट आहे?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रजिस्टर लग्न करून आलो तेव्हा आठ महिने याच बाई माझ्याशी शब्द बोलल्या नव्हत्या. मी मराठी, त्यांच्यासारखी तेलुगू विणकर पद्मशाली नाही. वर त्यांच्या लेकापेक्षा काळी.

पण मला खरं अडकवलं ते मीनाच्या बापानं. जय वर्षानुवर्षं युगांडा सरकारकडे घर परत मागत बसलाय. मीनानं तर भारत पाहिलेलाच नाही, अब्रू मात्र भारताची सांभाळायची! इथं सोलापूरला आमच्या पूर्व भागात तेच. सासऱ्यांचे आजोबा तेलंगणातून येऊन मागावर बसले. चार पिढ्या झाल्या, तरी लोक विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? सासरे सांगायचे, “अशोक चौक.”

आणि हेच सोलापूर डॉ. कोटणीसांचं. धाकटीच्या शाळेनं मुलांना भैय्या चौकातलं स्मारक दाखवून आणलं. 1938ला ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले, 1941त क्वो छिंगलानशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. व्ही. शांतारामांच्या 1946च्या चित्रपटात ती चिनी बायको आपल्या जयश्रीबाई झाल्या होत्या. त्या सुनेचं कोण कौतुक! चीनची चालते, साखर पेठेतली तेलुगू चालत नाही. (माझ्या माहेरी तरी हाच हिशेब. पाणी काही एकाच बाजूला मुरलेलं नाही.)

मीरा नायरला म्हणे पैसेवाल्यांनी मुख्य भूमिकेत एखादं गोरं पात्र घाल म्हणून सुचवलं होतं. वेटर सगळे गोरे ठेवते, असं तिनं सांगितलं. हे अत्तम्मांना सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की सुपातली पानं उडाली.

चित्रपट संपला. त्या जुड्या बांधायला लागल्या.

“पोरगी गेली का मग?”

“गेली. त्याच्याबरोबर.”

“घरी फोन केला होता का जाताना?”

“केला की.”

“मग झालं.”

हे कूलरमध्ये पाणी घालायला उठले. आम्ही केला नव्हता.